उत्तरे, पान २१४ पासून

फिन्टन गेला तेव्हा खोलीत एवढंच मागे राहिलं:
एक इस्त्री, अर्धी बाटली सोया सॉस
आणि आपली आपण आयरिश शिका म्हणणारं
कव्हर नसलेलं जाड पुस्तक.
हिद्दच्या गोदीत तो जहाजांचे तळ तपासायचा.
मी स्टोअरमध्ये. नट, गॅस्केट, ग्रीस, सही.

शिबू म्हणाला, ह्या भाषेवर कुठला व्हिसा मिळतो?
कुठलाच नाही, म्हटलं.
म्हणूनच बहुतेक.

चार धडे त्याने पेन्सिलीने सोडवलेले.
त्याचीच भाषा, आणि दहापैकी चार, दहापैकी तीन,
एका ठिकाणी इतकं खोडलंय
की कागद पलीकडे उघडलाय.
पाचवा धडा कोरा.
सुमेधाला मराठीत कमी पडले की
मी फोनवर फार बोलतो.
ह्या वेळी नाही बोललो.

शाळेत गाईड सापडलं की कदम सर ते खिडकीबाहेर फेकायचे.
इथे उत्तरं पुस्तकानेच मागे बांधून दिलीत,
पान दोनशे चौदापासून, मुंगीएवढ्या टायपात,
आणि बघायला कुणी सर नाही.
तरी त्या पानांना मी रबरबँड लावतो.
आधी वाक्य. मग रबरबँड.

माझ्याकडे पुस्तक आहे, याला ते म्हणतात
आहे पुस्तक माझ्यापाशी.
भूक त्यांना लागत नाही, भूक अंगावर असते.
दुःखही अंगावर,
ओल्या टॉवेलसारखं.
आपण शब्दाची शेपटी वाकवतो: रस्ता, रस्त्यावर.
ते तोंड वाकवतात.
मॉहिर म्हणजे आई,
पण माझी म्हटलं की मो वॉहिर,
ओठ मिटायचे राहून जातात.
(हे मी समासात देवनागरीत लिहिलंय.
बरोबर आहे का, ते उत्तरसूचीला विचारता येत नाही.
तिला ऐकू येत नाही.)

हो हा शब्दच नाही त्यांच्यात.
नाही हाही नाही.
ज्या क्रियापदाने विचारलं तेच परत करायचं.
तीन रात्री डोक्यात शिरेना,
मग घरून फोन: जेवलास का?
जेवलो, म्हणालो, आणि तिथेच थांबलो.
हॅलो, शलाका म्हणाली, आवाज जातोय का?

नववा धडा, प्रश्न सहा: मला चहा हवा आहे.
मी घोळ घातला. रबरबँड काढला.
आहे चहा माझ्यापासून.
एवढंच. हवं ते माझ्यापासून असतं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
चहाच्या जागी मी घर बसवून पाहिलं,
मग सुमेधा, मग रविवारची दुपार,
मग उगाच, कदम सर.
सगळं बसलं.
व्याकरणाची चूक कुठेच नव्हती.

एप्रिलात एक म्हातारं मालवाहू कोरड्या गोदीत चढलं.
पाठीवर जुनं नाव, वेल्डिंगने उठवलेलं,
चार रंगांच्या खालूनही हाताला लागणारं.
त्यावर नव्या मालकाचं नाव चढत होतं.
मी ब्रश पोचवायला गेलो होतो.

रेल्त न मारा.

मारा वाचून आधी हसूच आलं.
मग आठवलं: मुइर, समुद्र.
समुद्राचा म्हटलं की मारा.
इथे त्यांचीही शेपटीच वाकली होती.

समुद्राचा तारा, मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.
काय? रोहेलियो वरच्या फळीवरून ओरडला.
नाव आहे, म्हटलं. जुनं.
तो म्हणाला, हात काढ तिथून,
रंग ओला आहे.